आईला पाणी कोणी पाजलं

बोरिवली,
६ ऑक्टोबर २०२५

जयवंत,

‘चिरंजीव’ लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. चिरंजीव तर तू राहशीलच, माझ्या रागाने काही होत नाही. पण आज आशीर्वाद जरा हात आखडूनच. व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंस. फोन केला तर ऋतिका उचलते, ‘ते मीटिंगमध्ये आहेत, ताई.’ रविवारीसुद्धा मीटिंग! बडोद्याची ती कंपनी तुझ्या एकट्याच्या खांद्यावर उभी आहे वाटतं. म्हणून हे पोस्टाने. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही ना.

आज मानसी आली होती, सिस्टर फ्लोरींची वकील. पोर तरुण आहे, पण नीट समजावून सांगते. सिस्टरवरचा गुन्हा रद्द करावा म्हणून हायकोर्टात अर्ज लागलाय, तीन डिसेंबरची तारीख आहे. तक्रारदाराने, म्हणजे तू, ‘माझी हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र दिलंस तर बहुतेक तिथेच मिटेल. नाही दिलंस तर केस वर्षानुवर्षं चालेल. मी तिला म्हटलं, अगं, माझा भाऊ माझं ऐकत असता तर तुला माझे चार जिने चढावे लागले असते का?

तुझ्या एका तक्रारीने तिथे काय झालंय ते तरी ऐक. संस्थेवर गुन्हा आहे म्हणून सांत्वन-सदनाचा परवाना नवा होत नाहीये. नवीन पेशंट घेता येत नाहीत, निम्म्या खाटा रिकाम्या. हॉस्पिटलने ‘आता घरी न्या’ म्हणून सोडलेली कॅन्सरची माणसं रिक्षातून गेटपर्यंत येतात आणि तशीच परत जातात. आपली आई जशी तिथे शेवटचे दोन महिने निवांत पडली होती, तसं त्यांना मिळत नाही. आणि केस मिटेपर्यंत सिस्टरना वॉर्डात पाऊल टाकायला त्यांच्याच वरिष्ठांनी बंदी केलीय. जन्मभर मरणाऱ्या माणसांचे हात धरलेली बाई आता स्वयंपाकघरात बसून भेंडी चिरते.

तक्रारीत तू लिहिलंस, माझ्या आईचा शेवटच्या घटकेला गुपचूप बाप्तिस्मा केला, तिला ख्रिश्चन करून पाठवली. आधार काय, तर तो व्हिडिओ. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नातेवाइकाने काढलेला, त्याने तो तुझ्या त्या संघटनेवाल्या मित्राला, हर्षदला पाठवला, हर्षदने तुला. त्यात सिस्टर आईच्या कपाळावरून ओला हात फिरवतात, चमच्याने पाणी पाजतात आणि तोंडाने काहीतरी पुटपुटतात. पंख्याच्या घरघरीत शब्द कळत नाहीत. तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तू हर्षदला घेऊन पोलीस स्टेशन गाठलंस. मी घरातच होते, पण मला विचारलं नाहीस.

आणि तो गडू! बाबांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू देव्हाऱ्यात सीलबंद दिसला आणि साहेबांनी शोध लावला. गंगा इथे आहे, मग आईच्या तोंडात गेलं ते पाणी कुठलं? अरे, साधं फिल्टरचं पाणी होतं रे. तापाने ओठ सुकले होते तिचे. तहान लागल्यावर माणूस पाणी मागतं.

पोलिसांना मी हे सांगितलं म्हणून तुझ्या लेखी मी वैरीण झाले. ‘ताई, तू त्यांच्या बाजूची.’ मी कुणाच्या बाजूची नाही, मी दोन महिने आईच्या खाटेच्या बाजूला बसलेली होते. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मला माझ्या सख्ख्या भावाने दाखवलं.

उत्तर लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, तुझं अक्षर तरी दिसेल.

नीलाताई

बोरिवली,
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

जया,

आज ‘जया’च लिहिते. या नावाने तुला हाक मारणारी दोन माणसं होती, त्यातलं एक गेलं.

वर्षाच्या आत सण नाही, तेव्हा ओवाळणं नाहीच. पण सकाळी उठून माझ्या हातांनी आपोआप पाट मांडला. मग आठवलं. उचलून ठेवला आणि मशीनवर बसले. दिवाळीचे ब्लाऊज वेळेत दिले नाहीत म्हणून बायका बोंब मारतायत. एका बाईच्या दोन्ही बाह्या मी डाव्याच शिवल्या. माझ्या हातून! वाट लागली होती, पण ती बाई भली, हसली आणि म्हणाली, लक्ष कुठे आहे तुमचं? माझं लक्ष बडोद्याला असतं, हे तिला काय सांगू?

तुझी आठवण येते रे. भांडलेला भाऊ मेलेल्या माणसापेक्षा जास्त छळतो. गेलेल्याची वाट तरी बघायची नसते. दारावर कुणी टकटक केलं की मी आधी आरशात बघते, तुला मी खंगलेली दिसू नये म्हणून. आणि दारात उभा असतो बटणांचा हिशेब घेऊन धोंडिराम.

तू जानेवारीत एकदाच आलास, तेव्हा आई बोलत होती. तुला तिची तिथली मजा माहीत नाही. तिने उशाच्या कपाटावर आपल्या आरवलीच्या वेतोबाचा फोटो ठेवला होता. सिस्टर रोज फडक्याने तो पुसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, आजी, याच्यापुढे एवढ्या मोठ्या चपला कशाला? आई म्हणाली, “रात्रीचो गावात फिरता तो. चपला झिजतत. तुमचो येशू अनवाणीच फिरता, म्हणान तुमका कळाचा नाय.” सिस्टर अशा हसल्या की हातातलं औषध सांडलं. त्यानंतर त्या दोघींचं गूळपीठ. सिस्टर वसईच्या, पण दोन महिन्यांत आईकडून अर्धीमुर्धी मालवणी शिकल्या. आता तूच सांग, जिला बाटवायचं तिच्या वेतोबावरची धूळ कोण पुसेल?

आई गेली त्या घटकेला मीही नव्हते, हे तुला माहीत आहे. आईने पेज मागितली. किती दिवसांनी काही खायचं मागितलं होतं! मी रिक्षाने घरी गेले, कण्या शिजवल्या, बांगड्याची चटणी वाटली. डबा घेऊन पोचले तर दुपारच्या उन्हात वॉर्डाचे पडदे ओढलेले. डबा तसाच गरम होता.

मी इतके महिने विचार करतेय, तू एवढा का पेटलास? तुला धर्माचं एवढं कधीपासून? गणपतीला गावी चल म्हटलं तर तुला रजा नसायची. मला वाटतं ते सांगते, रागाव हवं तर. आपल्यात शेवटचं पाणी मुलाच्या हातचं लागतं, नाहीतर जीव अडकतो म्हणतात. आजोबांच्या वेळी बाबा मिलमधून पाळी टाकून एसटीने गावी पळाले होते, ही गोष्ट आईने आपल्याला जेवताना हजारदा सांगितली. तू ‘शनिवारी येतो’ म्हणालास आणि ती गुरुवारी गेली. तुझा चमचा एका परक्या बाईने धरला. तुझं खरं दुखणं ते आहे, जया, आणि त्याला काही कलम नाही.

ये ना. ओवाळणार नाही, नुसती जेवायला वाढीन.

ताई

बोरिवली,
९ नोव्हेंबर

जया,

काल हर्षद येऊन गेला. एकटाच आला, गळ्यात उपरणं-बिपरणं नव्हतं. तुला वाटतं तसं मी त्याला हाकलला नाही. आईच्या तिरडीला त्याने खांदा दिलाय, ते मी विसरणार नाही. चहा दिला.

म्हणाला, “ताई, एकच विचारतो. त्या बाईच्या मनात पाप नाही ना, मग ती काय पुटपुटत होती ते सांगत का नाही? पोलिसांनी विचारलं, गप्प. तिच्या वकिलाने विचारलं, गप्प. तुमचा भाऊ वेडा आहे का?”

मी म्हटलं, प्रार्थना करत असतील.

“मग तसं सांगू दे ना! प्रार्थनेला कुणाची बंदी आहे? सांगत नाही म्हणजे वेगळंच काहीतरी आहे.”

खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं मला लागलं. सिस्टरचं मौन मलाही आजवर बोचत होतं, फक्त मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. रात्रभर मनात किडा वळवळला. खरंच बाप्तिस्मा केला असेल तर? भल्या मनाने केला असेल, आजी स्वर्गात जावी म्हणून, पण केला असेल तर? मग मी सख्ख्या भावाला कुणासाठी तोडला?

आज सकाळी तडक सदनात गेले. सिस्टर स्वयंपाकघरात होत्या, मोठ्या परातीत बटाटे सोलत होत्या. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, “सिस्टर, तुमच्यापायी माझा भाऊ गेला. तुम्ही माझ्या आईला काय म्हणालात ते आत्ता सांगा, नाहीतर मीच पोलिसांत जाऊन माझा जबाब फिरवते.”

असं बोलले मी. तुला बरं वाटेल.

त्या मान खाली घालून सोलत राहिल्या. हातातला बटाटा पूर्ण केला, पाण्यात टाकला, हात पुसले. मग म्हणाल्या, “कोर्टात मी हे सांगणार नाही. मला शिक्षा झाली तरी नाही. तुम्ही त्याची बहीण आहात. त्याला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

आणि सांगितलं.

मी खालीच बसले, ओल्या लादीवर. त्यांनी मला पाणी दिलं.

बाप्तिस्मा नव्हता, जया. एवढं माझ्या शब्दावर घे. बाकीचं मी लिहीत नाही. ते कागदावर लिहायचं नाही, तोंडाने सांगायचं आहे, तुला समोर बसवून, तुझा हात धरून. तीन तारखेच्या आधी एक दिवस ये. दादर उतरून टॅक्सीने गुपचूप कोर्टात जाशील आणि तसाच परत पळशील, तुला मी चांगली ओळखते. तसं करू नकोस. आधी माझ्याकडे ये.

ताई

बोरिवली,
२२ नोव्हेंबर

जया,

नाही आलास. फोनही नाही. मानसी म्हणते, तुझ्या वकिलाने कळवलंय की तुमच्याकडून ना-हरकत मिळणार नाही, उलट तू जोरात विरोध करणार आहेस.

मग लिहावंच लागणार. इतके दिवस पोटात ठेवलं. हे वाचताना ऋतिका जवळ असू दे. गाडीत किंवा ऑफिसात वाचत असशील तर घडी घाल आणि घरी जाऊन वाच.

त्या दिवशी मी पेज करायला गेले आणि थोड्याच वेळात आईचा श्वास बदलला. सिस्टरनी लगेच मला फोन लावला. माझा फोन कुकरच्या शिट्टीत ऐकू आला नाही. त्या खाटेशी बसल्या, कपाळाला घाम होता तो ओल्या हाताने पुसला. आईला तोवर दिसेनासं झालं होतं, हे तुला माहीतच नाही, शेवटचे तीन-चार दिवस तिला नुसता उजेड-अंधार कळायचा. कपाळावर हात फिरला तसा तिने चाचपून तो धरला. सिस्टरचा हात मोठा आहे, राठ आहे, कामाचा हात. आई म्हणाली, “जया, इलंस?”



आईने परत विचारलं, “इलंस रे? माका वाटला, आता काय तू भेटनस नाय.”

सिस्टर मला म्हणाल्या, “मी ‘नाही’ म्हणू शकले असते. आजी, मी फ्लोरी, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून मला ते जमलं नाही.”

त्या म्हणाल्या, “इलंय गे आये.”

तेच ते पुटपुटणं, जया. व्हिडिओतलं. तू, हर्षदने आणि त्या वकिलाने शंभर वेळा पॉज करकरून बघितलेलं. आईकडूनच शिकलेल्या मालवणीत, आवाज जाड करून, एक नन तुझ्या नावाने बोलत होती. आई म्हणाली, “वायच पाणी दी. तुझ्या हातान.” त्यांनी चमच्याने पाणी दिलं. आई ते प्यायली, आणि म्हणाली, “आता जा, दमलो असशीत. जेव जा.” एवढंच. मग पुन्हा काही बोलली नाही.

आता कळलं त्या का गप्प होत्या? मी विचारलं, अहो, हे सांगितलं असतं तर केस पहिल्याच दिवशी उडाली असती! त्या म्हणाल्या, “कोर्टात सांगितलं की ते सगळ्यांचं होतं. पेपरात येईल. त्या मुलाला जन्मभर लोक सांगतील, तू गेला नाहीस म्हणून तुझ्या आईला फसवून पाठवावी लागली. एका केसमधून सुटायला मी हे त्याच्या डोक्यावर ठेवू?” आणि मग म्हणाल्या, “मी मरणाऱ्या बाईशी खोटं बोलले, ते मी कन्फेशनमध्ये फादरना सांगितलंय. माझा हिशेब तिथे झाला. पोलिसांना त्याच्याशी काय करायचंय?”

म्हणजे तू त्यांच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवलास तो खराच होता. फक्त त्यांनी आईला ख्रिश्चन केलं नाही, त्या स्वतः थोडा वेळ जयवंत झाल्या.

मला तुझा राग येत नाही आता. सगळा राग त्या लादीवर बसल्या बसल्या संपला. मला नुसती तुझी काळजी वाटते. हे कळल्यावर तू काय करशील, कुठे जाऊन बसशील, रडशील की दात आवळून ऑफिसला जाशील, या विचाराने मी मशीनवर सुई मोडतेय. पण हेही बघ ना, आई अडकली नाही. तिला वाटलं तू आलास. ती तुझ्या हातचं पाणी पिऊन, तुला जेवायला पाठवून गेली. तू नसतानाही तुझं काम झालं रे, राजा. ज्या बाईने ते केलं तिला तू कोर्टात उभी करतोयस.

सही कर किंवा करू नकोस. पण फोन कर. नुसता धर, बोलू नकोस.

ताई

बोरिवली,
४ डिसेंबर

जया,

कालपासून किती वेळा लिहायला बसले.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. तू पाठमोरा होतास. केस केवढे पांढरे झालेत तुझे, आणि मानेवर नीट कापलेलेही नव्हते. जज्जसाहेबांनी विचारलं, ना-हरकत स्वखुशीने देताय ना? कुणाचा दबाव? मानसीने माझ्याकडे वळून बघितलं. मग तू म्हणालास, “नाही. दबाव नाही.” आणि संपलं. एवढ्या महिन्यांचं सगळं पाच मिनिटांत संपलं, पुढची केस पुकारली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये जे झालं ते मी बघितलं, हे तुला माहीत नसेल. मी खांबामागे होते. तुझा वकील तुला जिन्याकडे नेत होता. तू त्याचा हात सोडवलास आणि सिस्टरपुढे जाऊन उभा राहिलास. मला वाटलं माफी मागतोयस. सिस्टरनाही तेच वाटलं, त्या ‘असू दे, असू दे’ म्हणायला लागल्या होत्या.

तू म्हणालास, “तुम्ही कसं म्हणालात? तस्संच म्हणून दाखवा.”

भोवती काळे कोटवाले येत-जात होते, कुणीतरी फोनवर ओरडत होतं. सिस्टर लाजल्या. मग त्यांनी तुझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि जाड आवाजात म्हणाल्या, “इलंय गे आये.”

जया, मी तुझा आवाज ऐकला रे. तू दहावीत असताना खाडीवरून उशिरा यायचास आणि दारातूनच ओरडायचास, तसा. आईला का खोटं वाटलं नाही, ते मला काल कळलं.

मग तू त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून जे रडलास, ते मी बघायला नको होतं बहुतेक. मी डबा आणला होता. जवळ येईपर्यंत तू डोळे पुसून निघालास. माझ्यापुढून गेलास, थांबलास, माझ्याकडे बघितलंस, मान हलवलीस आणि जिना उतरलास. मी हाक मारली नाही. हाक मारली असती आणि तू वळला नसतास तर मला सोसलं नसतं.

सिस्टर आज सकाळपासून वॉर्डात आहेत. मानसीने सांगितलं, परवान्याचा कागदही आता पुढे सरकेल. सगळं ठीक झालं, असं सगळे म्हणतात. हर्षदचासुद्धा मेसेज आला, ‘बरं झालं ताई.’ आणि मी कालपासून एकाही ब्लाऊजला टाका घातलेला नाही.

तुझी आता कुणावरच केस नाही. माझीही तुझ्यावर नाही. तू का थांबला नाहीस ते मला कळतंय, लाज वाटत असेल. पण मी छप्पन्नची झाले, जया. मला नवरा नाही, मूल नाही. माझी वेळ येईल तेव्हा मीसुद्धा कुणाचा तरी हात चाचपून ‘जया, आलास?’ असंच विचारणार आहे, दुसरं कुठलं नाव मला येत नाही. त्या वेळी तिथे जी कुणी बाई असेल, सिस्टर असो नाहीतर शेजारीण, तिला तुझ्या नावाने खोटं बोलायला लावू नकोस.

ताई